दोनवर थांबणारा माणूस

"मालवाल्याची मान हालू दे," असं म्हणून ते उजवा हात तसाच वर धरून ठेवायचे. दोन बोटं उभी, तिसरं अंगठ्याखाली दाबलेलं. समोर सोयाबीनचा ढीग, भोवती आठ-दहा खरेदीदार, त्यांची घाई, आणि हा माणूस हात वर करून गप्प उभा.

आमच्या वाशीमच्या धान्यबाजारात ते हर्रास पुकारायचे, म्हणजे लिलाव बोलायचे. मी त्यांच्या मागे पाटीवर कागद लावून सौदापट्टी, म्हणजे मालवाल्याचं नाव आणि ठरलेला भाव, लिहायचो. शेवटची बोली आली की ते "एक वार" म्हणत, मग "दोन वार" म्हणत. तीन म्हटलं की सौदा पक्का, त्यानंतर कुणाचं काही चालत नाही. पण ढिगामागे उभा असलेला शेतकरी मान हलवेपर्यंत ते तीन यांच्या तोंडून बाहेर पडायचं नाही. खरेदीदार कुरकुरत, कुणी घड्याळ दाखवी, कुणी पुढच्या ढिगाकडे चालू लागे. हे मात्र बोली लावणाऱ्याकडे पाहतच नसत. त्यांची नजर मालवाल्याच्या चेहऱ्यावर.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला बाबू म्हणायचे, कारण मी लिहिणारा. वयाने ते माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि पायात चपला. सकाळी आल्या आल्या सगळ्या हमालांना जयभीम करायचा, आणि ढिगाजवळ जाताना चपला लांब काढायच्या. बूट त्यांनी जन्मात घातले नव्हते. धान्यापाशी सारखं जायचं-यायचं तर बुटांच्या नाड्या कोण सोडत बसेल, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल. सगळ्यांना त्याचा उशीर होतो आणि तो एक दिवस आला नाही की सगळे त्याची वाट पाहतात.

किन्हीराजाकडची एक बाई एकदा तूर घेऊन आली होती. बोली बरी होती. भाऊंनी दोन वार म्हटलं आणि थांबले. बाई मान हलवीना. ढिगाकडे पाही, पदर तोंडात धरी, परत ढिगाकडे पाही. खरेदीदार म्हणाला, भाऊ, तिला भाव कळत नाही, तुम्ही तीन म्हणा. भाऊंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी बाईने नाही म्हणून मान हलवली आणि तूर परत पोत्यात भरली. आठ दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा भाव उतरलेला होता. मला वाटलं आता ही भाऊंना बोल लावणार. तिने कमी भावाला मान हलवली, पट्टी घेतली आणि जाताना म्हणाली, "माया मनानं इकलं, भाऊ." म्हणजे माझ्या मर्जीने विकलं. भाऊंना त्या दिवशी चहा दुप्पट गोड लागला असावा, कारण त्यांनी माझ्या चहाचे पैसेही दिले. हे त्यांच्या हातून सहसा होत नसे.

हे सगळं सांगायचं कारण, आम्ही चौघे गेल्या वर्षीच्या मे महिन्यात गोव्याला गेलो होतो, आणि तिथे माझ्याकडून जे होता होता राहिलं ते या दोन बोटांमुळे राहिलं.

जायची कल्पना गुरुजींची. गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीतले, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे. त्यांना सुट्ट्या होत्या आणि नवी गाडी घेतलेली होती. दुसरे दिवाणजी, एका आडतीवर हिशेब लिहिणारे. बाजारातली आवक आटली होती, म्हणून त्यांना आणि मला चार दिवस मिळाले. पणजीला नदीत जुगाराची जहाजं उभी असतात, चोवीस तास चालतात, आत जेवण फुकट, असं दिवाणजींनी कुठून तरी ऐकलं होतं. एकदा पाहून तर येऊ, असं ठरलं.

भाऊंना विचारलं ते केवळ मनाला लागू नये म्हणून. ते येणार नाहीत याची आम्हाला खात्रीच होती. गाडीत बसलं की त्यांना मळमळतं, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या पलीकडे त्यांचं कधी मन लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, येतो.

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते तिघांपैकी कुणालाच माहीत नाही असं तेव्हा मला वाटत होतं, तुम्हाला सांगतो.

माझी बायको ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, तिथेच गिऱ्हाईक, तिथेच पोरीचा अभ्यास. बसस्टँडजवळ एक लहान गाळा भाड्याने मिळत होता. त्याच्या अनामतीसाठी तिने सहा वर्षं पैसे साठवले होते आणि ते माझ्या खात्यात टाकले होते, एक जूनला मालकाला फोनवरून पाठवायला सोपं जावं म्हणून. त्या पैशातले थोडे मी फोनवर पत्ते खेळून घालवले होते. थोडे म्हणजे पाव हिस्सा. रोज वाटायचं आज निघतील. तिला काही माहीत नव्हतं. ती गाळ्याच्या पाटीवर कोणता रंग द्यायचा ते विचारायची आणि मी निळा म्हणायचो.

गोव्याचं नाव निघालं तेव्हा इतरांना समुद्र दिसला. मला फक्त ते जहाज दिसलं. एका दिवसात पाव हिस्सा भरून काढायचा आणि गुपचूप परत यायचं, एवढाच माझा बेत होता. कार्ड मी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं आणि प्रवासभर दर तासाला ते चाचपत होतो.

भाऊंनी सोबत भाकरी, ठेचा, ज्वारीचे पापड म्हणजे धापोडे आणि पिशवीभर लिंबं आणली होती. गुरुजी म्हणाले, भाऊ, गोव्यात जेवण मिळते हो. भाऊ म्हणाले, मिळत असन, पन आपलं नसन. आंबोलीच्या घाटात प्रत्येक वळणाला ते लिंबू नाकाशी धरत आणि डोळे मिटत. मी त्यांच्या शेजारी होतो. मध्येच डोळे उघडून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझा अंगठा मांडीवर आपोआप सरकत होता, फोनवर पत्ते सरकवावेत तसा. मी हात खिशात घातला. त्यांनी लिंबू पुन्हा नाकाशी धरलं, पण त्या क्षणापासून मला गाडीत गुदमरायला लागलं.

समुद्र पाहून ते म्हणाले, एवढं पाणी आणि एक गुंठा भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता तो पाहायला ते एकटेच गेले आणि रागावून परत आले. तिथली बाई एक-दोन-तीन एका दमात म्हणते, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. मासा थांबत नाही भाऊ, नासतो, असं दिवाणजींनी समजावलं. भाऊंना ते पटलं, तरी दुपारपर्यंत ते पुटपुटत होते.

त्याच दुपारी आम्ही जहाजावर गेलो. म्हणजे धक्क्यावरून लहान होडीने तिघेच गेलो. धक्क्याच्या दारावरच्या माणसाने भाऊंच्या चपलांकडे बोट दाखवलं. चपला घालून आत जाता येत नाही, बूट पाहिजेत. भाऊंना उलट बरंच वाटलं. ते धक्क्यावरच्या बाकावर दुपट्टा अंथरून बसले आणि आम्हाला म्हणाले, या पाहून.

आत थंडगार होतं. खिडक्या झाकलेल्या, त्यामुळे दुपार आहे की काय आहे ते कळत नव्हतं. तिकिटासोबत थोड्या प्लास्टिकच्या चकत्या मिळाल्या होत्या, त्या पैशासारख्या लावायच्या. गुरुजींनी आणि दिवाणजींनी त्या दहा मिनिटांत घालवल्या आणि जेवणाकडे वळले. मी गोल फिरणाऱ्या चक्रापाशी उभा राहिलो. त्यात पांढरी गोळी फिरते, लाल किंवा काळ्या घरात पडते. माझ्या चकत्या दुप्पट झाल्या, मग चौपट. त्या दोघांनी माझी पाठ थोपटली.  मला वाटलं, उद्या एकट्याने यायचं. एका तासाचं काम आहे.

बाहेर आलो तेव्हा भाऊ बाकावर तसेच बसलेले होते. दिवाणजींनी माझं कौतुक सांगितलं. भाऊंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, तसंच, ढिगामागच्या माणसाकडे पाहावं तसं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती सुटलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर निघाले. मी डोकं दुखतं म्हटलं. गुरुजी स्लीपर घालून गेले, दिवाणजी टोपी घालून. भाऊही त्यांच्यासोबत जिना उतरले. मी खिडकीतून गाडी गेलेली पाहिली, पाच मिनिटं थांबलो आणि धक्क्याकडे निघालो.

त्या दुपारबद्दल मी फार सांगत नाही. तुमच्यात कुणी या वाटेला गेला असेल तर त्याला माहीत आहे, आणि गेला नसेल तर बरंच आहे. पहिल्या अर्ध्या तासात जिंकलो. मग हरलो. मग कार्ड काढून काउंटरवर गेलो. मग परत गेलो. दर वेळी ते मशीन विचारायचं, रक्कम बरोबर आहे का, आणि मी बटण दाबायचो. बायकोच्या पैशांतले आता निम्मे उरले होते आणि ते सगळे चकत्यांच्या रूपात माझ्यासमोर होते.  हात अजिबात कापत नव्हता, याची मला आजही भीती वाटते.

मी ठरवलं, सगळे एकदम काळ्यावर. आले तर सगळं भरून निघतं. नाही आले तर, त्यापुढचा विचार मी करत नव्हतो.

चक्र चालवणाऱ्या मुलीने काळा कोट घातला होता. गोळी सोडली की थोडा वेळ लावायला मिळतो, मग ती टेबलावरून आडवा हात फिरवते. हात फिरला की संपलं, काढता येत नाही. तिने गोळी सोडली. मी चकत्यांचा ढीग दोन्ही हातांनी काळ्या चौकोनावर सरकवला. हात अजून ढिगावरच होते.

"एक वार."

आवाज मागून आला. मोठा नव्हता, पण बाजारात ऐकू जातो तसला होता. टेबलाभोवतीचे चार लोक वळले. मी वळलो नाही. 

"दोन वार."

मग काहीच नाही.

मी मागे पाहिलं. भाऊ उभे होते. पांढरा पायजमा, सदरा, आणि पायात गुरुजींनी खोलीवर ठेवलेले काळे बूट, म्हणजे समुद्रावर ते गेलेच नव्हते. गुरुजींचा पाय लहान, म्हणून भाऊंचे पाय आत जाईनात, बुटांच्या टाचा त्यांनी मागून चेपून टाकल्या होत्या. मनगटावर तिकिटाची कागदी पट्टी. अर्धा चहा मागणारा माणूस पूर्ण तिकीट काढून, त्या हलत्या होडीतून, जहाजावर आला होता. उजवा हात वर. दोन बोटं उभी, तिसरं अंगठ्याखाली दाबलेलं. ते टेबलाकडे पाहत नव्हते, चकत्यांकडे पाहत नव्हते. फक्त माझ्याकडे पाहत होते.

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. त्यांनी माझा हात धरला असता तर मी झटकला असता. नको रे म्हणाले असते तर मी भांडलो असतो, तुम्हाला काय करायचं म्हणालो असतो, आणि मुद्दाम लावले असते. पण ते काही म्हणतच नव्हते. ते थांबले होते. गोळी गरगरत होती, मुलीचा हात उचललेला होता, रखवालदार आमच्याकडे चालत येत होता, आणि हा माणूस माझी मान हलायची वाट पाहत होता.

मला मान हलवता येईना. खाली-वर हलवून बघा, किती सोपं आहे. मला आली नाही. डोळ्यांसमोर गाळ्याची निळी पाटी आली, आणि हेही कळलं की निळा रंग मी नीट विचार न करता सांगितला होता.

मी दोन्ही हातांनी ढीग मागे ओढला. मुलीने आडवा हात फिरवला. रखवालदाराने भाऊंना इथे ओरडायचं नाही असं सांगितलं, आणि भाऊंनी बोटं मिटवून हात खाली घेतला.

गोळी काळ्यावर पडली.

हे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तसंच झालं.  मी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पडू दे." त्या वेळी नाही, पण नंतर मला कळलं की मी जिंकलो असतो तर तिथून उठलोच नसतो.

चकत्या परत करून आम्ही दाराकडे निघालो तेव्हा भाऊ थबकले. जेवणाचे पैसे तिकिटात भरले आहेत, जेवून घे, म्हणाले. मी रिकामं ताट घेऊन बसलो. त्यांनी थोडा भात घेतला, वरण चाखून पाहिलं आणि खिशातून ठेच्याची पुडी काढली. त्या झगमगाटात ठेच्याचा वास आला आणि मला रडू आलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी रडत असताना ते जेवत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील आमच्याच बाजारात हमाल होते. एका वर्षी घरच्या तुकड्यावर ज्वारी चांगली झाली, पाच पोती. वडिलांनी आयुष्यभर वाहिली ती दुसऱ्याची पोती, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा ढीग लावला. भाऊ तेव्हा दहा वर्षांचे, सोबत होते. बोली लागली. वडिलांना काहीतरी म्हणायचं होतं. दोन झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"त्याचं तोंड उघडं आन् तिकडं तीन झालतं," भाऊ म्हणाले. "काय म्हननार होता, ते मले कधी कळलंच नाई. घरी येऊन मी इचारलं, तर म्हने, आता काय करतं."

मी विचारलं, भाऊ, माझं तुम्हाला कसं कळलं? बायकोने सांगितलं का?

"तिले कुठं माहीत हाय. महिन्याभरापासून तू पट्ट्यांत चुका करून राह्यला. अंगठा सारखा चालून राह्यला. मी चेहरे पाह्यतो, बाबू, मले दुसरं काय येते?" ठेच्याची पुडी मिटत म्हणाले, "मी कोनाले सांगनार नाई. घरी तूच सांग. तिचा माल हाय, तिले बोलू दे."

होडीतून परतताना त्यांना दोनदा उलटी झाली. आंबोलीच्या घाटात न झालेली ती त्या पाच मिनिटांच्या पाण्यात झाली. लिंबं हॉटेलात राहिली होती. मी त्यांची पाठ चोळत होतो आणि ते म्हणत होते, गुरुजींच्या बुटावर उडालं का पाह्य.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ऐकून घेतलं, मशीनवर बसली आणि हातातला ब्लाउज पूर्ण केला. मग म्हणाली, गाळ्यावाल्याला मी फोन करते, तुमी करू नका. गाळा दुसऱ्याला गेला. त्यानंतर चार महिने तिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. आता बोलते. खातं तिच्या नावावर आहे आणि ते बरोबरच आहे. फोनवरचे पत्ते मी काढून टाकले, पुन्हा दोनदा घेतले, पुन्हा काढले. खोटं कशाला सांगू? दर वेळी बटण दाबायच्या आधी मागे कुणीतरी दोन बोटं धरून उभं आहे असं वाटतं. कधी कधी मी खरंच वळून पाहतो.

भाऊ फेब्रुवारीत गेले. सकाळी बाजारात यायला निघाले, चपला पायात सरकवल्या आणि उंबऱ्यावरच बसले. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. विहारात सगळे हमाल आले होते, खरेदीदारही आले होते, घड्याळ दाखवणारे तेच. गुरुजी ते काळे बूट घालून आले होते. टाचा अजून चेपलेल्याच होत्या. नीट करून घ्या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

तीन दिवसांनी बाजार भरला. नवा पुकारणारा हुशार आहे, आवाज खणखणीत, कामाला चपळ. पहिल्याच ढिगाला त्याने एक-दोन-तीन एका दमात म्हटलं आणि पुढच्या ढिगाकडे वळला. बुटांसकट. खरेदीदार मागोमाग निघाले. ढिगामागे एक म्हातारा उभा होता, मळकी टोपी घातलेला. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

माझ्या हातात पट्टी होती. भाव सांगितलेला, नाव सांगितलेलं, फक्त लिहायचं होतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"लिहा ना बाबू," नवा म्हणाला.

"मालवाल्याची मान हालू दे," मी म्हणालो.

आवाज माझा भाऊंसारखा नव्हता. तरी खरेदीदार थांबले. एका हमालाने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. भाऊ चपला काढायचे त्या जागेकडे दोघा-तिघांनी पाहिलं, तिथे काही नव्हतं. म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ढिगाकडे. मूठभर सोयाबीन उचललं, तळहातावर घोळवलं. आम्ही सगळे उभे होतो.